गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे

(वसतिगृहातील सेवक, रविवार शाळेचे शिक्षक आणि महिला मंडळाच्या भगिनी यांच्यासाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘विद्यार्थिनींची सुरक्षितता’ असा छापला आहे. पण सुरक्षितता म्हटलं की आपलं बोलणं कुंपण, गेट आणि वॉचमन यांच्यापाशीच संपतं. मला आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे. एखाद्या मुलीवर लैंगिक अत्याचार होतो, ती धीर करून आपल्याला सांगते, आणि आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “मग तू ओरडली का नाहीस?” नंदुरबार जिल्ह्यातल्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत काम करताना हा प्रश्न मी शिक्षकांकडून ऐकला आहे, आयांकडून ऐकला आहे, मंडळीतल्या वडीलजनांकडूनही ऐकला आहे. विचारणारा दुष्ट असतो असं नाही. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत असते: ओरडली नाही, झटापट केली नाही, म्हणजे तिचीही तयारी असणार. ही समजूत चुकीची आहे, एवढी एक गोष्ट जरी आज आपण मनात ठेवून घरी गेलो, तरी पुष्कळ झालं.

संमती हा शब्द कोर्टकचेरीतला वाटतो. पण आपण तो चांगला ओळखतो. आपल्या मंडळीत लग्न लागतं तेव्हा पाळकसाहेब आधी वराला विचारतात, मग वधूला. वधू लाजून मान खाली घालते. तेवढ्यावर पाळकसाहेब पुढे जात नाहीत. ते थांबतात, पुन्हा विचारतात. तिच्या बापाने होकार दिलेला असतो, मांडव पडलेला असतो, जेवणाची पातेली चुलीवर चढलेली असतात, तरी तिच्या स्वतःच्या तोंडचं ‘होय’ साक्षीदारांना ऐकू यावं लागतं. भर मंडळीसमोर, आईबाप शेजारी असताना आपण तिच्या मौनाला होकार धरत नाही. मग एकट्या, घाबरलेल्या मुलीच्या मौनाला होकार कसा धरायचा?

संमती म्हणजे स्वतःच्या मर्जीने, समजून-उमजून, त्या वेळी आणि त्या गोष्टीपुरता दिलेला होकार. धाकाने मिळवलेला होकार ही संमती नाही. मुलीची फी भरणारा, तिचे मार्क लावणारा, तिला रजा देणारा किंवा जिच्या घरी ती शिकायला राहिली आहे तिथला कर्ता माणूस, यांना ‘नाही’ म्हणणं तिला किती जड जातं हे आपल्याला ठाऊक आहे. काल ती हो म्हणाली होती म्हणून आज विचारायचं नाही, असं होत नाही. ती बाजाराला मोटरसायकलवर मागे बसून आली, म्हणून तिच्या अंगाला हात लावायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती शुद्धीत नसेल तर संमतीचा प्रश्नच येत नाही. आणि मध्येच ती ‘नको’ म्हणाली, तर तिथेच थांबायचं. हे मुलींना शिकवण्याआधी आपल्या मुलांना शिकवायला हवं.

हीच चुकीची समजूत या देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही एकदा टिकली होती, आणि ते प्रकरण आपल्याच राज्यातलं, एका आदिवासी मुलीचं होतं. १९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंज इथे, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, ती रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात गेली होती. आईबाप नव्हते, भावाबरोबर राहून ती मोलमजुरी करायची. तक्रार भावानेच केली होती. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवलं गेलं, आणि तिथल्या दोन पोलिसांवर अत्याचाराचा खटला चालला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्या निकालातला मोठा मुद्दा होता. त्या मुलीचं नाव कायद्याच्या पुस्तकांत सापडतं. मी ते इथे घेत नाही, आपणही शोधू नये. तिचं आयुष्य तिचं आहे.

पुढल्या वर्षी, १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. निमूटपणे सोसणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हे त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, पोलिसांसमोर एका गरीब मुलीने किती प्रतिकार करायचा? देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अशा प्रकरणात ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने कोर्टात सांगितलं, तर न्यायालय तसंच गृहीत धरेल, असं ठरलं. पीडितेची ओळख छापायला बंदी आली. पुढे २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात लिहिली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. संमती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी, आणि केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीने संमती दिली असं मानता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे.

शरीराचंही हेच म्हणणं आहे. शेतात पायाशी साप दिसला की कोणी पळतं, कोणी ओरडतं, आणि कोणी जागच्या जागी खिळून उभं राहतं. खिळलेल्या माणसाला आपण, “तुला चावून घ्यायचं होतं का?” असं विचारत नाही. अत्याचाराच्या वेळी पुष्कळ मुलींचं असंच होतं. आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. नंतर त्याच स्वतःला दोष देत बसतात. त्यात आपण भर घालायची का?

आता पवित्र शास्त्रातली एक गोष्ट. २ शमुवेलच्या तेराव्या अध्यायातली तामार आपल्याला माहीत आहे, पण तिच्यावर उपदेश क्वचित होतो. अम्नोन आजारी असल्याचं सोंग घेतो, तिला स्वयंपाकासाठी बोलावून घेतो. तामार गप्प बसली नव्हती. तिने नको म्हटलं, कारणं सांगितली, विनवलं. त्याने ऐकलं नाही. नंतर ती डोक्यात राख घालून रडत निघाली, तेव्हा सख्ख्या भावाने, अबशालोमाने, तिला गप्प राहायला सांगितलं. बाप दावीद राजा संतापला, पण त्याने अम्नोनाला जाब विचारल्याचं काही लिहिलेलं नाही. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली. म्हणजे ओरडली नाहीस म्हणून दोष, आणि ओरडलीस तर गप्प राहा. मुलीने करायचं तरी काय? त्या घरातल्या प्रत्येकाला काही ना काही करता आलं असतं. आपल्याला काय करता येईल, ते आता बघू.

नंदुरबारच्या डोंगराळ भागातली आठवीतली एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. होळीच्या सुट्टीनंतर ती वसतिगृहात परतली आणि जेवेनाशी झाली. कोणी म्हणालं बाहेरचं काही लागलं असेल, कोणी म्हणालं अभ्यास नको म्हणून नाटक. स्वयंपाक करणाऱ्या मावशीने तिला भाकरी थापायला शेजारी बसवलं. तीन-चार दिवस काही विचारलं नाही. एका संध्याकाळी मुलगी आपणहून पावरीत बोलली. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, आणि तिला गावी नेणारा-आणणारा नातेवाईकच गुन्हेगार होता. मावशीने फार थोडं म्हटलं: “तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. मी तुझ्याबरोबर आहे.” बंधुभगिनींनो, ही तीन वाक्यं पाठ करून ठेवा. मावशी चौथी शिकलेली आहे, पण तिने जे केलं ते शिकलेल्यांना पटकन जमत नाही.

अशा वेळी खोदून खोदून विचारायचं नाही. कपडे कोणते होते, तिथे का गेलीस, आधी का नाही सांगितलंस, हे प्रश्न नकोत. दहा जणांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. आरोप असलेल्या माणसाला समोर बोलावून ‘खरंखोटं’ करायचं नाही. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. आणि एक गोष्ट जपून: “कोणाला सांगणार नाहीस ना?” असं तिने विचारलं तर खोटं वचन देऊ नका. “ज्यांना सांगितल्यावर तुला मदत मिळेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून मग सांगेन,” असं म्हणा.

कारण मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा लागू होतो. हा कायदा २०१२ चा आहे आणि तो मुलग्यांनाही संरक्षण देतो. गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘आधी कमिटी बसवू, मग ठरवू’ याला कायद्यात जागा नाही.

पोलीस म्हटलं की मुली आणि पालक दोघंही घाबरतात, म्हणून पुढचं त्यांना समजावून सांगा. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आई-वडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ बसू शकतं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. तिला मराठी नीट येत नसेल तर दुभाषी देण्याची तरतूद आहे. आपल्या मुलींच्या बाबतीत ही तरतूद फार मोलाची आहे. घरातली गोष्ट मावचीत किंवा पावरीत सांगणारी मुलगी मराठीत विचारलं की ‘हो-नाही’वर येते, आणि कागदावर भलतंच उतरतं. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलीला साहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते. ती व्यक्ती तपासापासून खटला संपेपर्यंत तिच्यासोबत राहते. आरोपी मुलीसमोर येणार नाही, याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते.

आरोपी आदिवासी समाजाबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. एफआयआर नोंदवताना मुलीची जमात लिहायला सांगा. आपली मुलगी ख्रिस्ती आहे म्हणून तिचं अनुसूचित जमातीचं संरक्षण आपोआप जात नाही.

रुग्णालयाची गोष्ट वेळेची आहे. शक्य असेल तर पहिल्या ७२ तासांत पोहोचा. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं या मुदतीत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. अंगावरचे कपडे न धुता, प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवा. पण आंघोळ झाली, कपडे धुतले, महिना उलटला, तरी न्या. उशीर झाला म्हणून उपचार आणि तक्रार दोन्ही बंद होत नाहीत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे असतात, आणि त्यासाठी आधी एफआयआर मागता येत नाही. तपासणीआधी मुलीची, फार लहान असेल तर पालकांची, संमती घ्यायची असते. ‘दोन बोटांची चाचणी’ म्हणून ओळखली जाणारी अपमानकारक तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा ठणकावून बंद केली आहे. गर्भ राहिला असेल तर कायद्याने काय करता येतं ते डॉक्टरांना तिला नीट सांगू द्या. आपापली मतं सांगण्याची ती वेळ नसते.

विद्यार्थिनी १८ वर्षं पूर्ण झालेली, कॉलेजातली असेल, तर एक मोठा फरक आहे. पोलिसांत तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं. आपण माहिती द्यायची, सोबत जायचं, पण तिच्या वतीने निर्णय घ्यायचा नाही. एकदा तिची मर्जी कोणीतरी पायदळी तुडवलेली असते. मदत करताना आपणही तेच करू नये. कॉलेजात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, कारण असेल तर मुदत वाढते, आणि लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असते. चौकशी चालू असताना त्या प्राध्यापकाकडून तिचे पेपर तपासून न घेणं, तिला रजा देणं, अशा सोयी मागता येतात.

आणखी एक अवघड गोष्ट. आपल्या पाड्यांवर सोळा-सतराव्या वर्षी जोड्या जमतात, हे आपण जाणतो. १८ च्या आतल्या मुलीचा होकार कायदा संमती मानत नाही. दोघांच्या मर्जीने झालं तरी मुलगा गुन्ह्यात अडकतो आणि दोघांचंही शिक्षण तुटतं. हे मुलामुलींना नववीतच, धमकीच्या सुरात नव्हे तर शांतपणे, समजावून सांगा.

मग येतात पंच. दंड घ्या आणि मिटवा, नाहीतर त्याच्याशीच लग्न लावून द्या. त्या आठवीतल्या मुलीच्या घरीही हाच निरोप आला होता. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही, आणि १८ च्या आत लग्न लावणं हा वेगळा गुन्हा आहे. पण आईबापाला केवळ कायदा सांगून चालत नाही. गावाने वाळीत टाकलं तर त्यांच्या शेजारी कोण उभं राहणार, हे त्यांना बघायचं असतं. त्या वेळी मंडळीतली चार कुटुंबं त्यांच्या घरी जाऊन बसली, जेवली. त्याने बापाला धीर आला. तो म्हणाला, “दंडाचे पैसे घेतले तर पोरीला तोंड कसं दाखवू?” आणि मागे हटला नाही.

पंचांइतकंच अवघड असतं ते संस्थेचं नाव. आपलं वसतिगृह, आपलं मिशन, देणगीदार काय म्हणतील, विरोधकांना आयतं कोलीत मिळेल. ही भीती मी समजू शकते. आपण पिढ्यान् पिढ्या घाम गाळून हे काम उभं केलं आहे. पण ज्या मुलींसाठी ते उभं केलं, त्यांच्यापैकी एकीला गप्प करून ते वाचवायचं असेल, तर वाचवलं ते काय? आरोपी आपला शिक्षक असो, विश्वस्त असो की पाळक, नियम तोच. तक्रार होताच त्याला मुलींपासून दूर करा. मुलीची खोली बदलू नका, तिला घरी पाठवू नका.

कारण सगळ्यात जास्त नुकसान पुढे होतं. प्रकरण नोंदवलं जातं, सगळे हळहळतात, आणि जूनमध्ये त्या मुलीची बाकावरची जागा रिकामी असते. न्याय मिळणं आणि शाळेत परतणं, दोन्ही तिचे हक्क आहेत. ती आठवीतली मुलगी दहावीला बसली. काही महिने तिला रात्री झोप येत नसे, म्हणून मैत्रिणीचा पलंग शेजारी लावला. तारखेच्या दिवशी बुडालेला अभ्यास एक ताई करून घ्यायच्या. खटला सावकाश चालला, पण तिची शाळा थांबली नाही.

शेवटी मागणं. प्रत्येक वसतिगृहाच्या दर्शनी भिंतीवर हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, पोलीस ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. राहण्याची, दवाखान्याची, वकिलाची सोय एका जागी व्हावी म्हणून ते आहे. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मनोधैर्य योजनेची मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मागता येते.

आणि दुरून मदत करणाऱ्या मित्रांनो, आपण पुस्तकं-चादरी पाठवता त्याबद्दल आभार. यंदा आणखी काही हवं आहे. तारखेला जायचं एसटीभाडं आणि आईची बुडणारी मजुरी हवी आहे. पावरी, मावची, भिली बोलणाऱ्या, दुभाषी म्हणून शिकायला तयार असलेल्या बहिणी हव्या आहेत. रविवार शाळेत मुलग्यांशी संमतीबद्दल बोलू शकतील असे पुरुष शिक्षक हवे आहेत. हे काम फक्त ताईंवर सोडू नका. भाषणानंतर मी मागच्या बाकावर वही घेऊन बसले आहे. ज्यांना यातलं एखादं काम घ्यायचं आहे, त्यांनी नाव लिहून मगच जेवायला जावं.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.